हरकत क्रमांक एकशे सतरा

लग्न केलेल्या माणसाला त्याचं कारण कुणी विचारत नाही. न केलेल्याला मात्र ते द्यावं लागतं. समाजाची सगळी इमारत या एका खांबावर उभी आहे. इतरही खांब आहेत म्हणतात (शिक्षण, सहकार, पाणीपुरवठा), पण ते अजून बांधून व्हायचे आहेत.

वसईत नंदाखालच्या पुढे, केळीच्या बागांमधून रस्ता जिथं दोनदा वळतो, तिथं फणसआळी नावाची वस्ती आहे. घरं चौसष्ट, विहिरी एकोणीस, क्रूस एक, फणस शून्य. इथल्या ग्राममंडळाचे चिटणीस व्हिन्सेंट सर. शाळेत सदतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ कुठलाही कागद हाती आला की आधी पट्टीनं डावीकडे लाल समास आखतो आणि मगच लिहायला घेतो. किराण्याची यादीसुद्धा त्यांच्या घरातून समासाशिवाय बाहेर पडत नाही. समास नसलेल्या मजकुरावर लोक विश्वास कसा ठेवतात, हे त्यांना आजवर कळलेलं नाही.

सरांना दोन मुलं. धाकट्या केनीचं लग्न ठरलेलं होतं, जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी. ज्याचं ठरलं तो वस्तीच्या दृष्टीनं सुटला, त्यामुळे केनीविषयी इथं फारसं काही यायचं नाही. थोरली रोवेना, वय तेहतीस, एम.एस्सी. विरार पूर्वेला चंदनसारला स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते आणि पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर आहे. पाणी पिण्यास योग्य की अयोग्य, हे ठरवायला तिला दोन दिवस लागतात. बघायला आलेल्या मुलांच्या बाबतीत चहा संपेपर्यंतचा वेळ पुरत असे. पुढे तिनं नमुने मागवणंच बंद केलं. तिला कुणी फसवलं नव्हतं, तिचा कुणावर राग नव्हता, कुठल्या मठात जायचा विचार नव्हता. तिला लग्न करायचं नव्हतं, इतकंच. आणि नेमकं हे 'इतकंच' वस्तीच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मे महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नात काय झालं, त्याची आकडेवारी उपलब्ध आहे. तीन तास चाळीस मिनिटांच्या त्या समारंभात रोवेनाला तिच्या लग्नाबद्दल एकेचाळीस वेळा विचारण्यात आलं. तपशील असा: 'तुझं कधी?' एकोणीस; 'आता तुझा नंबर' अकरा; 'वय किती झालं गं?' चार; काही न बोलता डोक्यावरून हात फिरवून सुस्कारा, सहा; आणि ताटात पुलाव वाढणाऱ्या केटररच्या माणसाकडून एक. हे सगळं व्हिन्सेंट सरांनी खांबाआड उभं राहून आहेराच्या पाकिटाच्या पाठीवर पाच-पाच रेघांच्या जुडग्यांनी मोजलं. त्यांनी कुणाला अडवलं नाही, मोजलं. गणिताच्या माणसाचा राग असाच निघतो.

त्यानंतर रोवेना रविवारची घरी यायची बंद झाली. ऑक्टोबरात क्रुसापाशी रोझरीच्या प्रार्थनेला आली नाही, नव्या भाताच्या पायसाच्या सणाला आली नाही, स्वतःच्या वाढदिवसालाही आली नाही. टेबलावरची चौथी खुर्ची रिकामी दिसली की सरांना जेवण गोड लागत नसे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मटिल्डाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, न सांगताच कळलं होतं, पण तिला कुणी विचारलं नाही.

नोव्हेंबरात फोन झाला.

"पप्पा, केनीच्या लग्नाला मी येणार. पण एकानं जरी विचारलं ना, 'तुझं कधी', तर ताट तिथंच ठेवून रिक्षा पकडणार. मग फोटोत मी नाही म्हणून रडत बसायचं नाही."

"आता कोण विचारतंय," सर म्हणाले.

"जीना मावशी."

शेजारच्या जीना मावशीनं मागच्या वर्षी एका अंत्यविधीत, शवपेटी खाली सोडत असताना, रोवेनाला हाच प्रश्न विचारला होता. (उत्तर मिळेपर्यंत तिनं दोर धरून ठेवायला लावलं, ही मात्र अफवा आहे.)

"जीनाला जाऊन सरळ सांगा ना," मटिल्डा चहाचा कप त्यांच्या कोपराशी ठेवत म्हणाली, "पोरीला काय विचारू नको म्हणून. झालं."

हा उपाय फारच सोपा असल्यामुळे तो विचारात घेण्यात आला नाही. सरांनी प्रश्नाच्या मुळाशी जायचं ठरवलं. लोक विचारतात, कारण प्रकरण उघडं असतं. लग्न झालेल्याला 'कधी करणार?' असं कुणी विचारत नाही, मेलेल्याला 'कधी जाणार?' असंही कुणी विचारत नाही, कारण दोघांची नोंद झालेली असते. बाप्तिस्म्याची नोंद आहे, लग्नाची आहे, मरणाची आहे. लग्न न करण्याची नोंद मात्र जगात कुठंच नाही. तेव्हा अशी नोंद निर्माण केली, रीतसर दाखला दिला, की प्रकरण मिटलं आणि मुलगी घरी आली. इतकं स्वच्छ गणित सदतीस वर्षांत त्यांच्या हातून सुटलं नव्हतं. चहा गार झाला होता.

लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार वधूवरांची नावं वाचतात आणि कुणाला काही अडथळा ठाऊक असल्यास कळवावा असं सांगतात, हे वस्तीतलं शेंबडं पोरही जाणतं. तीच पद्धत सरांनी उचलली. लग्न करायला तीन पुकारण्या लागतात, तर न करायला निदान तेवढ्या तरी लागायलाच हव्यात. ते फादरांना भेटले. फादरांनी कागद शांतपणे दोनदा वाचला.

"सर, हे देवळात नाही वाचता यायचं," फादर म्हणाले. "आणि लग्न न करणाऱ्यांना दाखला लागणार असेल, तर मग माझाही काढावा लागेल."

सरांनी हे टिपून घेतलं आणि पुकारणी देवळाऐवजी वस्तीच्या क्रुसापाशी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, करायचं ठरवलं. काळही आपोआप ठरला. नाताळआधीच्या आगमनकाळात आपल्याकडे लग्नं लागत नाहीत. म्हणजे लग्न न लावायला याहून योग्य मुहूर्त नाही.

मंडळाच्या सभेत विषय मांडताना सरांनी आधी पाहणीचा निष्कर्ष वाचून दाखवला. वस्तीत पंचवीस ते चाळीस वयाची सुशिक्षित अविवाहित मुलं-मुली सत्तेचाळीस. त्यांनी दिलेली कारणं: 'आधी करिअर' बारा, 'आधी घर' नऊ, 'आधी कॅनडा' आठ, 'योग्य माणूस भेटला नाही' सात, 'योग्य माणूस भेटला, म्हणूनच' दोन, 'आधी कुत्रा' एक, आणि 'तुम्हाला काय करायचंय?' आठ. (कुत्रा आणला आहे. त्याच्यासाठी जोडीदारीण बघणं चालू आहे.) सभा गंभीर झाली. मंडळाचे अध्यक्ष गॉडफ्रे हे केळीचे मोठे बागायतदार. केळीवर रोग पडला की ते जसा चेहरा करत, तसा त्यांनी केला आणि ठराव एकमतानं संमत झाला.

'अविवाह-निश्चिती दाखल्या'चा अर्ज, नमुना क, चार पानांचा होता. सोबत जोडायची कागदपत्रं: पदवीच्या प्रती, दोन विवाहित साक्षीदारांचं, आपण विवाहित असूनही अर्जदारावर दबाव आणला नाही, असं निवेदन, आजवर नाकारलेल्या स्थळांची यादी, उंचीसह, आणि अलीकडचा फोटो, ज्यात अर्जदार फार दुःखी किंवा फार आनंदी दिसू नये. अकरावा रकाना 'कारणाचा' होता. त्यात पर्याय छापलेले होते: (अ) धर्मसेवा, (आ) परदेशगमन, (इ) आजारपण, (ई) प्रेमभंग. पाचवा पर्याय 'इतर' असा होता आणि त्यापुढे दीड इंच जागा होती.

रोवेनानं अर्ज भरला. का भरला, याचं सरांनाही आश्चर्य वाटलं. ती फोनवर एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्ही चार पानांना हातानं समास आखलेत. नाही कसं म्हणू?" अकराव्या रकान्यात 'इतर'पुढे तिनं लिहिलं होतं: 'माझं बरं चाललंय.'

या तीन शब्दांवर मंडळ दोन तास बसलं. बरं चाललंय हे कारण होऊ शकतं का? पायलीभर माणसांचं बरं चाललेलं नसतानाही ती कारण न देता लग्नात राहतात. अखेर अध्यक्ष गॉडफ्रेंनी मूलभूत मुद्दा काढला.

"सर, हे कारण मान्य केलं तर लोक विचारणार, मग आपलं काय चाललंय? ते मंडळाच्या अखत्यारीत येत नाय."

कारण 'प्रथमदर्शनी अपुरं, पण दाखल' असा शेरा मारून अर्ज पुढे सरकला.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी क्रुसापाशी टोनीनं ध्वनिक्षेपक लावला. टोनी हा बँडवाला. वस्तीतलं प्रत्येक लग्न त्याच्याच कर्ण्याखालून गेलेलं. सरांनी घसा साफ करून वाचलं: "फणसआळीतील मटिल्डा व व्हिन्सेंट यांची ज्येष्ठ कन्या रोवेना ही कुणाशीही लग्न करणार नाही. या न-विवाहास कुणास काही अडथळा ठाऊक असल्यास त्यांनी तो मंडळाकडे लेखी कळवावा. पहिली पुकारणी."

आता, लग्नाच्या पुकारणीला वस्तीच्या इतिहासात एकही हरकत आलेली नव्हती. दारूडे, जुगारी, तीन ठिकाणी साखरपुडा मोडलेले, सगळे बिनहरकत बोहल्यावर चढले होते. रोवेनाच्या न-लग्नाला पहिल्याच आठवड्यात अडुसष्ट हरकती आल्या. सरांना फाईल बदलून पेटी आणावी लागली.

कीर्ती खाडीपर्यंत पोहोचली. एका दुपारी काळूराम आले. खाडीकाठचे शेतकरी, सरांचे जुने स्नेही. टोपी मांडीवर फिरवत म्हणाले, "मास्तर, आमची रीमा येवढी शिकली, नि त्या धनेशसंगं भाड्याच्या घरात राते. लगीन करा म्हनलं तर म्हनते, आधी राहून बगतो. दोन वर्सं झाली, बगतानच हायेत. त्याचा पन कायतरी दाखला द्या. पावने विचारतात तवा मला दाखवाया कागद नको का?"

"पोरगी सुखात आहे का?" मटिल्डानं चहा पुढं करत विचारलं.

"सुकात हाय. तेच तर लोकांना सांगता येत नाय."

सरांनी लगेच नमुना ख तयार केला, 'निरीक्षणाधीन' या शीर्षकाचा. काळूराम कागदाची घडी खिशात ठेवून समाधानानं गेले. बाप लोकांना नेमकं काय हवं असतं, हे त्या दिवशी सरांच्या लक्षात आलं आणि थोडं लाजल्यासारखंही झालं.

दुसऱ्या पुकारणीनंतर दुसरा अर्जदार उगवला. फ्लॉईड, वय छत्तीस, राहणार गास, संगणकाच्या कंपनीत नोकरी. गास आमच्या हद्दीत येत नाही, अशी शंका निघाली. पण त्याची आई फणसआळीची माहेरवाशीण, म्हणून अर्ज घेतला. अकराव्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: 'विचार चालू आहे.' (कधीपासून, या उपप्रश्नाला: 'दहावीपासून.')

तिसऱ्या रविवारी तिसरी पुकारणी झाली आणि दुपारी चार वाजता मंडळाच्या सभागृहात सुनावणी ठेवली गेली. झाडून सगळी वस्ती आली. लग्नाला येत नाहीत तेवढी माणसं आली. अर्जदारांसाठी बाक एकच होता, त्यामुळे रोवेना आणि फ्लॉईड शेजारी-शेजारी बसले. दोघांचेही कपडे निळे होते. पाचव्या मिनिटाला फ्लॉईडनं खिशातून सुकेळीची पुडी काढली, केळ्याची एक वाळवलेली चकती स्वतः घेतली आणि एक रोवेनापुढे धरली. तिनं घेतली.

दहा मिनिटांत अडतीस हरकती मागे घेण्यात आल्या आणि त्याऐवजी एक संयुक्त प्रस्ताव टेबलावर आला.

"मी हिला ओळखत नाय," फ्लॉईड म्हणाला. "मला भूक लागलेली. एकटं कसं खायचं?"

"लग्नाआधी कोण कुणाला ओळखतं?" गॉडफ्रेंनी समजावलं.

"आणि नंतर?" रोवेनानं विचारलं.

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे घेण्यात आला नाही. प्रस्ताव नियमबाह्य ठरवून सरांनी अडतीस हरकती मूळ जागी परत लावल्या. हे करताना त्यांचा हात क्षणभर रेंगाळला, हे नमूद करणं भाग आहे. मुलगा वाईट नव्हता. उंची पाच फूट नऊ.

एकूण हरकती एकशे सतरा, घरं चौसष्ट. वर्गवारी वाचण्यात आली. 'लोक काय म्हणतील': बावन्न. (आपण स्वतः लोक आहोत हे हरकतदारांनी मान्य केलं, पण आपण काही म्हणणार नाही, बाकीचे म्हणतील, असं प्रत्येकानं लिहून दिलं.) 'म्हातारपणी कोण बघणार': एकतीस. (पैकी बावीस जणांची मुलं परदेशी असून ते स्वतः कामवाल्या बाईच्या भरवशावर आहेत.) 'आमच्या वेळी आम्हाला कुणी विचारलं होतं का?': एकोणीस. संकीर्ण: तेरा. टोनीची एक वेगळी हरकत होती. रोवेनाच्या वरातीसाठी बसवलेली धून सहा वर्षं तशीच पडून असून, या काळात कर्णा वाजवणाऱ्या दोघांचे पुढचे दात पडले, याला जबाबदार कोण?

रोवेना उठली. "दाखला एका वर्षासाठी आहे, असं इथं लिहिलंय. दर वर्षी नूतनीकरण. लग्नाचं पण करतात का नूतनीकरण? मग चालेल मला."

पाठीमागून बायकांच्या रांगेतून कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी हा भाग इतिवृत्तातून वगळायला सांगितला आणि नूतनीकरणाचं कलमही त्यासोबत वगळलं.

"आता शेवटची," गॉडफ्रे म्हणाले. "एकशे सतरा. बिननावाची आहे. चिटणीसांनी वाचावी."

सरांनी कागद उचलला. चष्मा पुसला. परत पुसला. मग वाचू लागले, आणि दुसऱ्या ओळीवर त्यांचा आवाज जरा खाली गेला.

"'अर्जदाराचे आईवडील आज ना उद्या जाणार. त्यानंतर अर्जदार संध्याकाळी दमून घरी येईल, तेव्हा तिला चहा घेतेस का, असं विचारणारं कुणी नसेल. याचा मंडळानं विचार करावा.'"

एकशे सोळा हरकती लोकांना पाठ होत्या, ही नवी होती. रोवेना बाकावरून उठून टेबलाशी आली आणि तिनं तो कागद सरांच्या हातातून अलगद घेतला. डावीकडे लाल समास होता. पट्टीनं आखलेला, वरपासून खालपर्यंत सरळ. फणसआळीत हरकतीला समास आखणारा माणूस एकच.

तिला राग यायला हवा होता. महिनाभर जो माणूस तिच्या बाजूनं अर्ज, नमुने, पुकारण्या करत होता, त्यानंच रात्री की पहाटे बसून ही शेवटची हरकत पेटीत टाकली होती. सर टेबलाकडे बघत होते. मुलगी घरी यावी म्हणून त्यांनी हे सगळं उभं केलं होतं, आणि आता ती इथूनच रिक्षा पकडणार, असं त्यांना वाटत होतं.

"पप्पा," ती हळू म्हणाली, पण ध्वनिक्षेपक चालू होता, "चहा मी माझा करते. छान करते. मला रोज संध्याकाळी कुणी विचारत नाय, खरंय. पण एक सांगा. आईला तुम्ही कधी विचारलाय?"

व्हिन्सेंट सर हे अभिलेखांचे पक्के. त्यांनी डोळे मिटले आणि मागची छत्तीस वर्षं पहिल्या पानापासून चाळली. लग्न, शाळा, बदल्या, रोवेनाचा जन्म, केनीचा जन्म, विहिरीचं काम, घराचा स्लॅब. प्रत्येक पानावर कोपराशी एक कप होता. कप ठेवणारा हात कुठंच नीट दिसत नव्हता. नोंद आढळली नाही.

"एकदा विचारलेला," तिसऱ्या रांगेतून मटिल्डा म्हणाली. ती कुणाची बाजू घ्यायला म्हणून बोलली नाही. माहिती अपुरी राहू नये, एवढाच तिचा हेतू होता. "मला टायफॉइड झालेला तेव्हा. आत गेले, मग आतून म्हणाले, साखर कुठं ठेवलीस. मग मीच उठले."

कुणी हसलं नाही. त्याऐवजी एक विचित्र गोष्ट घडली. बायकांच्या रांगांमधून माना वळू लागल्या. आधी एक, मग चार, मग ओळच्या ओळ, आणि प्रत्येक मान आपापल्या नवऱ्याच्या दिशेनं वळून थांबली. गॉडफ्रेंची बायको तर पहिल्याच रांगेत होती, तिला फार वळावंही लागलं नाही. अध्यक्षांनी कपाळाचा घाम पुसला आणि टेबलावर हात आपटला.

"दाखला मंजूर. दोन्ही अर्जदारांना. ताबडतोब."

पुरुषांच्या बाजूनं एकशे सोळा हरकती चार मिनिटांत मागे घेण्यात आल्या. (मंडळाच्या इतिहासातला हा सर्वांत वेगवान निर्णय. याआधीचा विक्रम गटाराच्या झाकणाचा, दोन वर्षं सात महिने.) एकशे सतरावी मागे घ्यायला चिटणीस उठले, पण त्याआधी रोवेनानंच त्यावर पेनानं रेघ मारली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. दफ्तरातला कागद बाहेर नेणं नियमात बसत नाही, हे सरांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

केनीच्या लग्नाला रोवेना आली. पिवळ्या साडीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, प्रत्येक फोटोत. सर खांबाआड पाकीट घेऊन उभे होते. तीन तास पन्नास मिनिटांत 'तुझं कधी?': शून्य. 'आता तुझा नंबर': शून्य. सुस्कारे: शून्य. केटररचा माणूस पुलाव वाढून खाली मान घालून पुढे गेला.

एकदाच हिशेब चुकायची वेळ आली. जीना मावशी गर्दीतून वाट काढत थेट रोवेनाकडे आली, तिचा हात धरला, इकडेतिकडे बघितलं आणि तोंड उघडलं. सरांनी पेन्सिल सरसावली.

"बाय," जीना मावशी कुजबुजली, "तो फॉर्म लग्न झालेल्यांना चालतो काय गं?"

जेवणं होईपर्यंत अशा चौकश्या चौदा झाल्या. सरांनी त्या वेगळ्या रकान्यात टिपल्या आणि मग पाकीट फाडून टाकलं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी चौथी खुर्ची भरलेली होती. पाच वाजता सर उठले आणि कुणाला काही न विचारता स्वयंपाकघरात गेले. आतून डबे उघडल्याचे आवाज येत राहिले, एकामागून एक. मटिल्डा दोनदा खुर्चीतून अर्धी उठली, दोन्ही वेळा रोवेनानं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. अठराव्या मिनिटाला चहा आला. त्यात साखर नव्हती. आतून हाक मात्र आली नव्हती, आणि मटिल्डानं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. रोवेनानं एक घोट घेतला, कप उजेडात धरून नीट पाहिला आणि निर्णय दिला.

"पिण्यास योग्य."

आता फ्लॉईडचं काय, असं तुम्हाला विचारायचं आहे. केनीच्या लग्नाला तो आला होता का, तिनं सुकेळीची चकती का घेतली, पाच फूट नऊ उंची वाया गेली का? सभागृहात ती चकती पुढे झाल्यापासून तुमचं निम्मं लक्ष तिकडेच आहे, आणि दाखला मंजूर झाला तरी शेवटी काहीतरी जुळेल, या आशेवर तुम्ही इथवर आलात. मंडळाला याची कल्पना होती. तुमची हरकत क्रमांक एकशे अठरा म्हणून दाखल करून घेण्यात येत आहे. कागदाला डावीकडे समास आखावा, नाव स्वच्छ अक्षरात लिहावं, आणि खाली नव्यानं घातलेला एक रकाना आहे, तो रिकामा सोडू नये: आपल्या घरात आज संध्याकाळचा चहा कुणी केला, आणि साखर कुठं असते हे आपल्याला ठाऊक आहे काय.